बाप असताना केलेलं क्षौर

गिरगाव, मुंबई
२० फेब्रुवारी १९५६

तीर्थरूप बाबा,

तुमचं कार्ड येऊन महिना होत आला. "मुंबईस गोळीबार झाल्याचे ऐकतो. सुखरूप आहेस का, कळव." एवढीच ओळ, हेरंब मास्तरांच्या मोत्यासारख्या अक्षरात. नऊ महिन्यांनी तुमचा शब्द आला आणि त्याला उत्तर द्यायला मला महिना लागला. मी सुखरूप आहे. जानेवारीत आठवडाभर ऑफिस बंद होतं. अश्रुधूर आमच्या चाळीच्या जिन्यापर्यंत आला होता, तेव्हा ओला पंचा तोंडावर धरून बसलो. त्यापलीकडे मला काही झालं नाही.

गेल्या वैशाखात तुम्ही ज्या तऱ्हेने निघून गेलात त्याबद्दल इथे लिहीत नाही. तुम्हांला वाचता येत नाही, मास्तर पडवीत बसून मोठ्याने वाचणार, आणि वाचणारा एक नि ऐकणारे दहा. मास्तर, आपणांसही नमस्कार. रागावू नये.

एक काम आहे. माझ्या एका मित्राचे केस जायला लागले आहेत. सत्ताविसावं वर्ष, पण कपाळाच्या दोन्ही बाजूंनी वाट पडत चालली आहे आणि मागे भोवऱ्यापाशी रुपयाएवढी जागा मोकळी झाली आहे. बिचारा फार खचला आहे. आयेला सांगून परसातला माका आणि जास्वंदीची फुलं खोबरेलात कढवून एक बाटली कुणाबरोबर तरी पाठवावी. शिवाय तुमचे केस कितव्या वर्षी गेले आणि आजोबांचे केव्हा, तेही कळवावं. मित्राला वैद्यांनी घराण्याची माहिती विचारली आहे, आणि मित्राला वडिलांना विचारायची सोय नाही, म्हणून मी तुम्हांला विचारतो.

आणखी एक. ऑफिसात तावडे म्हणून वरचे कारकून आहेत, आपल्याकडचेच, दादरला चाळीत राहतात. त्यांची मुलगी शकू. बोलणी चालली आहेत. ठरलं की कळवीन. तोवर तुम्ही मुंबईस यायची तसदी घेऊ नये. बोटीचा प्रवास, तुमची कंबर, उगाच त्रास.

आयेला नमस्कार.

तुमचा शिवराम


गिरगाव
६ मार्च १९५६

तीर्थरूप बाबा,

बाटली पोचली. मास्तरांचं पत्रही पोचलं. "बाबा सांगतात, पंचविसाव्या वर्षी भांग मागे सरकू लागला, तिसाव्या वर्षी टोपी घातली. मित्राच्या भुवईवर लहानपणी रहाटावरून पडल्याची खूण आहे का, असे विचारतात."

आहे बाबा. खूण आहे. मित्र मीच.

तुम्ही ओळखलंत आणि सगळ्या पडवीने हसून घेतलं असेल, तेव्हा आता लपवायचं काय? वैशाखातलंही लिहितो. लालबागला आपण मुलगी बघायला गेलो होतो. उकाडा होता. तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवलीत आणि पंच्याने डोकं पुसलंत. मुलीची आत्या आतल्या बायकांना म्हणाली, "बापाचं डोकं बघा नि मग मुलाचं कपाळ बघा. दहा वर्षांत सारखे दिसतील." आत हशा पिकला. तुम्हीही हसलात. मी नाही हसलो. तिथून नकार आला आणि त्या संध्याकाळी मी तुम्हांला म्हणालो, "यापुढे माझ्या कार्याला तुम्ही येऊ नका. आलात तर टोपी काढू नका. तुम्हांला बघून लोक माझं भविष्य वाचतात." तुम्ही दुसऱ्या दिवशीच्या बोटीने गेलात. पस्तीस वर्षं परळच्या गिरणीत साच्यांवर उभं राहून ज्याने मला मॅट्रिक केलं, त्याला मी हे म्हणालो. पुन्हा वाचलं तरी खरं वाटत नाही, पण म्हणालो आहे.

तावड्यांकडेही तेच होणार असं मला वाटायचं. आमचा शिपाई बातम्या आणतो. तावडे कुणाला तरी म्हणाले म्हणे, "मुलगा सालस आहे, पण पुढचं रान मोकळं व्हायला लागलंय." त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. कांद्याचा रस लावला, तेव्हा ऑफिसातल्या माणसांनी खुर्च्या लांब सरकवल्या. दादरला एक जण निळ्या उजेडाच्या दिव्याखाली बसवतो, तिथे बसलो. कातडी सोलली, केस काही उगवले नाहीत. कुणी म्हणालं टोपीने केस गुदमरतात, कुणी म्हणालं नळाच्या पाण्याने, कुणी म्हणालं जागरणाने आणि काळजीने. मग काळजीने केस जातील याचीच काळजी करत बसलो. शेवटी ठाकुरद्वारचे एक वैद्य म्हणाले, "ही चाई नव्हे, हे खालित्य, म्हणजे टक्कल. पित्ताने मुळं जळतात. डोकं तुळतुळीत करा आणि हस्तिदंत जाळून केलेली मशी घातलेला हा लेप एकेचाळीस दिवस लावा. दाट होऊन येतील."

म्हणून जानेवारीच्या अखेरीस मी सलूनमध्ये गेलो. गोळीबाराला आठवडाही झाला नव्हता. न्हाव्याला म्हणालो, "सगळे काढा." त्याने आरशात माझ्याकडे पाहिलं आणि वस्तऱ्याला धार लावायला घेतली. मी डोळे मिटून बसलो होतो. केस जाताना बघवेना. उघडले तेव्हा मागे शेंडी ठेवलेली आणि मिशी साफ. मी पैसे पुढे केले तर त्याने हात जोडले. "नको साहेब. या आठवड्यातलं हे सातवं डोकं. असल्या क्षौराचे पैसे घेत नाही मी."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाप गेलेला मुलगा दिसतो तसा मी दिसत होतो.

मी "अहो, तसं नाही" म्हणणार होतो. पण मग कसं आहे ते सांगावं लागलं असतं. हा माणूस सात घरचं दुःख हाताळून बसलेला, त्याला मी सांगू की मला लग्नासाठी केस हवेत? गप्प राहिलो आणि बाहेर पडलो. समोरून तावडे येत होते. ते संयुक्त महाराष्ट्र समितीचं काम करतात, जखमींच्या चौकशीला निघाले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि माझे दोन्ही हात धरले.

"शिवराम... बाबा?"

मी काही बोललो नाही. एवढंच घडलं. मी काही बोललो नाही आणि त्यांनी समजायचं ते समजून घेतलं. सध्या ते लोक तुमच्याविषयी गैरसमजात आहेत. लवकरच दूर करीन.

मास्तर, एवढा मजकूर पडवीत वाचू नये. वाचून झाला असल्यास माझं नशीब.

शिवराम


गिरगाव
१६ मार्च १९५६

बाबा,

हे पत्र घाईत लिहितो. मास्तरांनी ते तुम्हां दोघांना आत, चुलीपाशी बसून वाचून दाखवावं. हात जोडतो.

मागल्या पत्रात पुरतं खरं लिहिलं नव्हतं. मी गप्प राहिलो एवढंच नाही. तावड्यांनी विचारलं तेव्हा मी मान हलवली. खाली-वर. एकदाच.

त्या एकदाच हललेल्या मानेने काय काय केलं ते सांगतो. तावड्यांनी माझ्या कपाळाचा विषय पुन्हा काढला नाही. बापासाठी उतरवलेले केस कोण मोजतो? उलट ते म्हणाले, "वर्षाच्या आत कार्य उरकायला हवं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल." जे लग्न सहा महिने लोंबकळत होतं ते गेल्या आठ दिवसांत ठरलं. तुमच्या मरणाने माझं लग्न जमलं, बाबा. वैशाखातला मुहूर्त बघताहेत. शकूने माझ्याकडे पहिल्यांदा नीट डोळे उचलून पाहिलं ते त्या बोडक्या डोक्याकडे. मी तेव्हा मनातून सुखावलो, हेही लिहून टाकतो.

आता खरं संकट. शकूचे मामा, वसंतराव, शिमग्याला आपल्या शेजारच्या गावी जाताहेत. बावीस तारखेच्या बोटीने भाऊच्या धक्क्यावरून निघतील. शकूच्या आईने, रमाबाईंनी, आयेसाठी त्यांच्याबरोबर दुखवट्याचं लुगडं दिलं आहे. पांढरं. माझ्यापुढे उलगडून दाखवलं आणि विचारलं, "विहीणबाईंना चालेल ना हो?"

मी म्हणालो, "चालेल."

तुमच्या जिवंतपणी, माझ्या आयेसाठी, पांढरं लुगडं मी पसंत केलं. यापेक्षा खाली माणूस जाऊ शकतो असं वाटलं नव्हतं, पण पुढची ओळ त्याहून वाईट आहे. वसंतराव एका दुपारपुरते येतील. आपलं घर वाडीच्या टोकाला आहे, फारसं कुणी भेटणार नाही. तेवढ्या वेळात तुम्ही समोर येऊ नका. मावशीकडे जा, नाहीतर काजूच्या बागेत जाऊन बसा. आयेने लुगडं ठेवून घ्यावं आणि जास्त बोलू नये. लग्न झालं की मी सगळं निस्तरीन. कसं, ते ठरवलेलं नाही.

हे मागणं मागायला मला जीभ आहे, यावरून ओळखा की मी कुठवर आलोय. नाही म्हणालात तरी चालेल. खरं तर नाहीच म्हणा.

शि.


गिरगाव
७ एप्रिल १९५६

बाबा,

नाही म्हणाला नाहीत तुम्ही. कळलं मला.

क्रमाने लिहितो, नाहीतर काहीच लिहिता येणार नाही.

लेपाचे एकेचाळीस दिवस संपले. मागचे नि बाजूचे केस आले, पुढचं मैदान जसंच्या तसं. तेव्हा परळच्या इस्पितळात कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हातारे आहेत, स्वतःच्या डोक्यावर कानांच्या वर तेवढी झालर. त्यांनी दिव्याखाली माझं डोकं पाहिलं आणि हसले. म्हणाले, "हा रोग नाही, वारसा आहे. टोपी, पाणी, तेल, काळजी, कुणाचा काही दोष नाही. पुरुषाच्या अंगात जो रस दाढी-मिशा देतो, तोच काही जणांच्या माथ्यावरच्या केसांची मुळं बारीक करत जातो. ज्याच्या रक्तात ती खूण असेल त्याचीच. म्हणून मागची झालर टिकते नि पुढचं जातं. मुंडण करून केस दाट होत नाहीत. खुंट जाडे दिसतात, एवढंच."

मी म्हटलं, "उपाय?"

"खच्ची केलेल्या पुरुषाला टक्कल पडत नाही. तो उपाय चालेल? बाकी आजच्या घडीला ठाम असं औषध नाही. जो आहे म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका." (मास्तर, आयेसमोर हे गाळावं.)

मग म्हणाले, "आणि वडिलांवर रागावू नका. हे आईच्या घराण्याकडूनही येतं. दोन्हीकडचं मिळून ठरतं." तेव्हा मला आयेचे वडील आठवले. त्यांचा फेटा मी कधी उतरलेला पाहिलाच नाही. सगळा राग तुमच्या एकट्याच्या डोक्यावर काढला मी, कारण तुम्ही तेवढे उघड्या डोक्याने हसत होतात.

डॉक्टर कागद भरत होते. त्यांनी विचारलं, "वडील आहेत?"

मी म्हणालो, "नाहीत."

तिथे काही गरज नव्हती. ना लग्न, ना तावडे, ना न्हावी. नुसती सवय झाली होती. बाहेर येऊन बाकावर बसलो. तुम्हांला मारायची मला सवय झाली होती.

तरीही मी त्या दिवशी तावड्यांकडे जाऊन काही बोललो नाही. उद्या बोलू म्हणत आठवडा घालवला. आणि काल वसंतराव परत आले.

संध्याकाळी मला दादरला बोलावलं. सगळे बसले होते. वसंतराव आनंदात होते. "घर छान आहे हो तुमचं. मास्तर शाळेतून मला सोबत घेऊन आले. विहीणबाई मोठ्या धीराच्या. डोळ्यांतून टिपूस नाही. लुगडं घेतलं, उलगडलं मात्र नाही. पदर असा पुढे ओढलेला, की कपाळ काही दिसलं नाही."

म्हणजे आयेने कुंकू पुसलं नाही. झाकलं फक्त. मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

मग ते म्हणाले, "आणि तो तुमचा म्हातारा गडी! असा गडी मिळायला भाग्य लागतं. मला शहाळं सोलून दिलं, माझे पाय धुतले. मी त्याला तुमच्या बाबांना गोळी लागल्याची हकीकत सांगितली, तर खाली बसून सगळी ऐकली बिचाऱ्याने. घामाने नुसता थबथबला होता. मी म्हटलं, अरे बाबा, ती टोपी तरी काढ, वारा लागू दे डोक्याला. तर म्हणतो कसा, 'नको. माका सवय असा.'"

बाबा, मी तुम्हांला बागेत जायला सांगितलं होतं. तुम्ही घर सोडून गेला नाहीत आणि माझा शब्दही मोडला नाहीत. आपल्याच अंगणात गडी होऊन पाहुण्याचे पाय धुतलेत. आणि टोपी काढली नाहीत. वैशाखात मी जे बोललो ते तुम्ही अजून पाळताहात.

मी म्हणालो, "तो गडी नाही. ते माझे बाबा आहेत."

कुणाला कळेना. मी पुन्हा म्हणालो. मग सगळं सांगितलं, केसांपासून. सांगताना जे तुम्हांलाही लिहिलं नव्हतं तेही सांगितलं. त्या दिवशी तावड्यांनी विचारलं होतं, "गोळीबारात?" तेव्हा मी नुसती मान हलवली नव्हती. "हो," म्हणालो होतो. "गावाहून आले होते. लालबागच्या नाक्यावर." नाकासुद्धा मीच निवडला.

तावडे म्हणाले, "मग आमच्या चाळीच्या सभेत मी नाव कुणाचं वाचलं?"

हेही तुम्हांला ठाऊक नाही. फेब्रुवारीत चाळीच्या चौकात सभा झाली. तावड्यांनी गेलेल्यांची नावं वाचली, त्यांत 'कुशाबा राणे' वाचलं. दोनशे माणसं उभी राहिली. मी त्यांच्या मध्ये, बोडक्या डोक्याने. त्याच चाळीतला मनमोहन म्हणून मुलगा खरोखर गोळीने गेला आहे, वीस वर्षांचा. सभेनंतर त्याची आई माझ्याजवळ आली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "आपण दोघं सारखीच रे बाळा." मी तो हात फिरवू दिला.

तावडे म्हणाले, "नाव मी वाचलं. पुसायचं तू. पाडव्याला सभा आहे. तिथे उभा राहा." शकू दारात उभी होती. ती आत गेली.

केसांपायी तुमचा गळा कापला मी. तुमची माफी मागायची कशी, ते शिकलेलो नाही.

शिवराम


गिरगाव
१४ एप्रिल १९५६

बाबा,

पाडव्याची सभा झाली. हे पत्र मास्तरांनी पडवीत, मोठ्याने, वाडीतल्या सगळ्यांना बोलावून वाचावं. सहा मार्चपासूनची मागची तिन्हीही वाचावीत. जपून लिहायचे दिवस संपले.

चौकात गुढ्या उभ्या होत्या. तावड्यांनी माझं नाव पुकारलं आणि स्वतः बाजूला झाले. मी म्हणालो, "माझे वडील कुशाबा राणे जिवंत आहेत. ते गोळीबारात गेले नाहीत. ते मुंबईत नव्हतेच. मी डोकं केस उगवावेत म्हणून केलं होतं." एवढं बोलायला किती वेळ लागला, सांगता येत नाही. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. एक जण ओरडला, "अरे, आमची माणसं मेलीत रे इथं! तुझ्या टकलासाठी उभे राहिलो काय आम्ही?" मी उभा राहिलो.

मग मनमोहनची आई उठली. बायकांतून वाट काढत पुढे आली. मला वाटलं, मारील. मारावं असंच वाटलं मला. तिने माझ्याकडे खालून वर पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे आहेत तुझे बाबा?"

"आहेत."

"जेवतात-खातात? हिंडतात-फिरतात?"

"हो."

"मग बरं झालं रे. एवढ्यांतला एक तरी परत आला."

बाबा, ती खरंच आनंदाने म्हणाली. तिच्या जागी मी असतो तर माझ्या तोंडावर थुंकलो असतो. मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. वैशाखापासून रडलो नव्हतो, न्हाव्याच्या खुर्चीतही नाही, इस्पितळाच्या बाकावरही नाही. तिने पुन्हा डोक्यावरून हात फिरवला. या वेळी हाताला थोडे केस लागले असतील तिच्या.

जिन्यात शकू थांबली होती. म्हणाली, "केसांसाठी केलंत हे सगळं?"

"हो."

"मी कधी केसांचं काही म्हटलं होतं?"

"नाही."

"मला विचारलं होतंत?"

"नाही."

"आमचे आजोबा, मामा, सगळे तुळतुळीत आहेत. मला वाटायचं पुरुष माणसं अशीच असतात." तिला हसू आलं असावं, पण तिने ते येऊ दिलं नाही. "मला आता तुमच्यावर भरवसा ठेवता येत नाही. पण ज्यांनी मुलाच्या शब्दासाठी पाहुण्याचे पाय धुतले, त्यांना मला एकदा बघायचंय. त्यांनी सांगितलं की करून घे, तर मी करून घेईन. नाही म्हणाले तर नाही."

तेव्हा माझं लग्न आता तुमच्या तोंडी आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी बोलणार नाही, खरंच नाही. तावड्यांनी अट घातली आहे ती वेगळी: तुम्ही त्या चौकात यायचं, चाळीतल्या माणसांनी तुम्हांला डोळ्यांनी बघायचं. त्यानंतरच ते तुमचं नाव यादीतून काढणार.

माझी एक विनंती आहे, अट नव्हे. अट घालायचा मला अधिकार उरलेला नाही. बाबा, टोपी घालू नका. चौकात, दारात, मुलगी बघताना, कुठेही. लोकांनी तुमच्या डोक्याकडे बघावं नि मग माझ्याकडे. दहा वर्षांनी मी कसा दिसणार, ते सगळ्यांना कळू दे. तसा दिसलो तर नशीबवान म्हणेन.

पावसाने बोटी बंद व्हायच्या आत या. मी धक्क्यावर उभा असेन, उघड्या डोक्याने. ओळखायला त्रास पडणार नाही.

आयेला सांगा, तिच्या कपाळाला नमस्कार.

शिवराम


मु. पो. वाडी, ता. कणकवली
२४ एप्रिल १९५६

चि. शिवराम यास हेरंब मास्तरांचे आशीर्वाद.

हे आणि मागली तिन्ही, अशी तुझी चारही पत्रे पडवीत वाचली. सात एप्रिलचे वाचताना मी मध्येच थांबलो, तेव्हा तुझी आई म्हणाली, "वाचा, थांबू नका." तुझे वडील सांगतात ते त्यांच्याच शब्दांत लिहितो, शुद्ध करू नको म्हणाले.

"शिवा, सात मेच्या बोटीन आमी दोगां येतंव. लुगडा परत घेऊन येतंव. विहिणीक सांग, रंग बरो असा, पण सध्या गरज नाय.

"गडी होऊक माका काय वाटूक नाय. गिरणीत पस्तीस वर्सां गडीच होतंय. पण तो पावणो माजा मराण सांगत होतो, तेवा वायच गंमत वाटली. तुजो बाप छाती काढून पुढे गेलो म्हणे. आयकून बरा वाटला. मी तितको धीट नाय रे. गोळी सुटली असती तर मी पळालंय असतंय. ता तेवडा चाळीत सांग.

"त्या मनमोहनच्या आवशीक आदी भेटतलंय, मग चेडवाक, शकूक.

"टोपी घालू नको म्हणतंस, नाय घालूचंय. पण मे म्हयन्याचा ऊन, झिला, आणि आता तूय माज्यासारखोच. एक टोपी पिशयेत घेतलंय. लय लागला, तर आळीपाळीन घालूया."